शिपाई ओतला कोणी?

१७७७ साली न्युर्नबर्गमधल्या योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट नावाच्या कथिलकाराने प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला घोड्यावर बसवलं. राजा कथिलाचा, घोडाही कथिलाचा. हिल्पर्ट मूळचा कोबुर्गचा. त्याचा खरा धंदा ताटं, पेले आणि सुरया ओतण्याचा. पण अठराव्या शतकात खात्यापित्या घरांच्या टेबलांवर चिनीमाती येऊ लागली आणि कथिलाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक आटलं. भट्टी होती, धातू होता, हाताला सवय होती. भांड्यांच्या जागी खेळणी निघू लागली. सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपलेलं, फ्रेडरिकचं नाव जर्मन मुलखात घरोघरी पोचलेलं, त्यामुळे विषय शोधायलाही लांब जावं लागलं नाही. हिल्पर्टने त्या मूर्तीवर आपलं नाव आणि साल घातलं. संग्राहक त्याला अजून दुवा देतात. कारण त्याच्यामागून या धंद्यात शिरलेल्या बहुतेकांनी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं असं काही केलं नाही.

खेळण्यातले जर्मन शिपाई जमवणाऱ्यांचा जगभर मोठा गोतावळा आहे, आणि त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: हा कोणाचा? हातात आलेल्या शिपायाचा चेहरा ही मंडळी नंतर बघतात. आधी त्याला उलटा करतात, बैठक न्याहाळतात, नखाने कडेवरून चाचपतात. बैठकीखाली नाव सापडलं तर काम झालं. सापडलं नाही तर मग तर्काला सुरुवात, आणि तर्कावर पैसा लागलेला असतो. एकच घोडेस्वार नामवंत कारखान्याचा ठरला तर त्याला चांगली किंमत येते. ‘अज्ञात’ ठरला तर तो किरकोळीच्या टोपलीत जातो. म्हणून नाव नसलेल्या शिपायाला नाव मिळवून देण्याची सगळ्यांनाच घाई असते, विकणाऱ्याला जरा जास्तच.

माझं म्हणणं असं, की या घाईत प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘कोणी बनवला’ या प्रश्नाला एकच माणूस किंवा एकच कारखाना उत्तर म्हणून पुरेल असा हा धंदा फार काळ नव्हताच.

ज्या कथिलाने कल्हईवाला आपल्या आज्यांची पितळी भांडी उजळायचा, तेच हे कथिल. २३२ अंशांना ते वितळतं. शिसं मिसळलं की आणखी लवकर. घरच्या चुलीवरही पातळ होणाऱ्या या धातूला लोखंडी साच्याची गरज नसते, दगडाचा साचा चालतो. जर्मन कारागिरांनी त्यासाठी पाटीचा दगड निवडला, विशेषतः थुरिंगियातल्या खाणींचा. तो बारीक कणांचा असतो, पोलादी टोकाने सहज कोरता येतो आणि तापला तरी तडकत नाही. दोन सपाट पाट्या घासून एकमेकींना घट्ट बसतील अशा करायच्या. एकीवर शिपायाची एक बाजू उलटी कोरायची. उलटी म्हणजे दोन्ही अर्थांनी: डावं ते उजवं, आणि उंच ते खोल. छातीवरचं बटण म्हणजे दगडात टोचलेला ठिपका, पट्टा म्हणजे चर. मग त्या आकृतीची कड दुसऱ्या पाटीवर उमटवून तिच्यावर पाठीची बाजू कोरायची. दोन्ही कडा केसभर जरी चुकल्या तरी शिपायाला दोन नाकं येणार.

यातलं सगळ्यात नाजूक काम दिसतही नाही. आकृतीच्या टोकांपासून पाटीच्या कडेपर्यंत हवेसाठी बारीक बारीक वाटा कोराव्या लागतात. वरून धातू ओतला की आतली हवा त्या वाटांनी बाहेर पडते. वाट कमी पडली तर हवा टोकाशी अडकते, आणि संगिनीचं टोक, घोड्याचा कान, बिगूल असल्या जागा भरतच नाहीत. वाट रुंद झाली तर धातूच तिच्यात शिरतो आणि शिपायाला नको तिथे काटे फुटतात. ते काटे नंतर चाकूने काढावे लागतात, आणि काढल्याच्या खुणा राहतात. अशा साच्यातून निघालेल्या चपट्या शिपायाची कड भिंगाखाली धरली तर या खुणा कुठे कुठे आहेत ते दिसतं. दोन शिपायांवर त्या नेमक्या त्याच जागी असल्या तर दोघे एकाच साच्यातून आले असं छातीठोकपणे म्हणता येतं. पण तेवढंच. तो साचा कोणाचा हे त्या खुणा सांगत नाहीत.

कारण कोरणारा आणि ओतणारा एकच असेल असं नव्हतं. चांगला कोरक्या ही दुर्मीळ चीज. न्युर्नबर्ग आणि शेजारच्या फ्युर्थमधले कोरक्ये एकाच मालकाला बांधलेले नसत. आज याच्यासाठी, उद्या त्याच्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजलेला न्युर्नबर्गचा लुडविग फ्रांक घ्या. त्याचा हात जाणकार लांबून ओळखतात, पण हात ओळखला म्हणजे कारखाना ओळखला असं होत नाही. साचेही एका जागी थांबत नसत. मालक मेला, कर्जबाजारी झाला किंवा मुलाने वेगळा धंदा धरला की पाट्यांची चवड दुसऱ्याकडे जायची. पाटीचा दगड तर माणसापेक्षा कितीतरी जास्त जगतो. त्याच साच्यातून आजोबांनी, मग विकत घेणाऱ्याने, मग त्याच्या जावयाने शिपाई ओतले, तर ते शिपाई कोणाचे? आणि रंगवणारे हात आणखी वेगळे. न्युर्नबर्ग-फ्युर्थकडे ओतलेला माल टोपल्या भरभरून घरोघरी जायचा आणि तिथे बायका-मुलं नगावर पैसे घेऊन रंगवायची. एकीने निळा कोट द्यायचा, दुसरीने गाल, तिसरीने बंदूक. त्या घरांपैकी एकाचंही नाव कुठल्या खोक्यावर आलेलं नाही. चौथा हात घाऊक व्यापाऱ्याचा. तो चार कारखान्यांचा माल एकत्र करून आपल्या चिठ्ठीखाली परदेशी पाठवायचा.

शिवाय हा माल मोजून नव्हे, तोलून विकला जाई. लाकडाच्या पातळ पट्टीच्या लंबगोल डब्यांत पाव पौंड, अर्धा पौंड, एक पौंड असे शिपाई भरायचे. तोलून विकायच्या वस्तूवर नाव कोण घालतं?

दिवाळीतला किल्ला आठवला तर हे लगेच पटेल. वसुबारसेच्या आधी रस्त्याकडेला मावळे, तोफा, बुरूज आणि सिंहासनावरचे महाराज मांडलेले असतात. दोन अंगांचा साचा, त्यातून निघालेली माती किंवा प्लॅस्टर, घरातल्या सगळ्यांनी मिळून दिलेला रंग. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा मावळा आज कुणाच्या माळ्यावर सापडला तर तो कुठल्या कुंभारवाड्यातला हे कोण सांगणार? घेणाऱ्याने तेव्हा विचारलं नाही आणि विकणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही. न्युर्नबर्गमध्ये १८२० साली परिस्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

काही बाबतीत मात्र ती पुढे वेगळी झाली, आणि ती एर्न्स्ट हाइनरिखसेनमुळे. त्याने १८३९ साली न्युर्नबर्गमध्ये कारखाना काढला. तोवर प्रत्येकाचे शिपाई आपापल्या मापाचे. एकाचं पायदळ आणि दुसऱ्याचं घोडदळ शेजारी ठेवलं तर घोडे कुत्र्यांएवढे दिसायचे. हाइनरिखसेनने १८४८च्या सुमारास आपल्या शिपायाची उंची साधारण ३० मिलिमीटरवर पक्की केली. मुलांची आणि आईबापांची सोय झाली, कारण डबे वाढवत नेता येऊ लागले. इतर कारखान्यांनीही मुकाट्याने तेच माप घेतलं. ‘न्युर्नबर्गी माप’ म्हणून ते आजही चालतं. शोध घेणाऱ्याचं मात्र त्या दिवसापासून नुकसान झालं. १८४८च्या आधीच्या चपट्या शिपायाची उंची हा एक चांगला पुरावा असतो. नंतरच्या शिपायाची उंची मोजून हाती काहीच लागत नाही. फ्युर्थच्या आल्गायर कारखान्याचे शिपाई आणि न्युर्नबर्गच्या हाइनरिखसेनचे शिपाई यांच्यात फरक करायचा तर मग बैठकीचा आकार, घोड्याच्या मानेची धाटणी, गवत कसं कोरलंय, असल्या गोष्टींवर नजर बसावी लागते. ती पुस्तकातून बसत नाही, हजारो शिपाई डोळ्यांखालून जावे लागतात.

डोळ्यांखालून घालण्याची उत्तम जागा म्हणजे उत्तर बव्हेरियातलं कुल्मबाख. गावाच्या डोक्यावर प्लासेनबुर्ग नावाचा किल्ला आहे आणि त्यात कथिली मूर्तींचं जर्मनीतलं मुख्य संग्रहालय. सुमारे तीन लाख मूर्ती. त्यातला सगळ्यात मोठा देखावा कुल्मबाखच्याच विध्वंसाचा आहे: १५५३ साली शत्रूने हे गाव जाळलं, तो प्रसंग १९ हजारांहून जास्त मूर्तींनी मांडला आहे. दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये गावात या मूर्तींचा बाजार भरतो. हौशी मंडळींचा ‘क्लिओ’ हा संघ १९२४ साली लाइपझिगला स्थापन झाला. थेओडोर हाम्पे यांचं कथिली शिपायांवरचं पुस्तकही त्याच वर्षीचं. म्हणजे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तेव्हा हिल्पर्टच्या फ्रेडरिकला जवळपास दीडशे वर्षं झाली होती, आणि मधल्या काळातले कितीतरी कारखाने कागदपत्रांसकट बुडाले होते.

चपट्या शिपायांत निदान घराणी ठाऊक आहेत. खरा गोंधळ भरीव शिपायांत आहे, आणि त्याच्या मध्यभागी ड्रेसडेनचा गेओर्ग हायडे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत आणि विसाव्याच्या सुरुवातीला हायडेचे खोके युरोप-अमेरिकेत सगळीकडे गेले. त्याच्या यादीत जगातलं बहुतेक सगळं असायचं: रोमन मिरवणुका, लष्करी तळावर भाकऱ्या भाजणारे शिपाई, जखमींना उचलणारे, वाळवंटातले उंट, हिंदुस्थानातले हत्ती आणि वाघाची शिकार. इंग्रज मुलांचे शिपाई संचलन करत उभे; हायडेचे शिपाई झोपतात, तंबू ठोकतात, झाडावर चढतात. कारखान्याची युक्ती साधी होती. थोडी धडं, पुष्कळ डोकी. डोकं वेगळं ओतून मानेत खोचायचं. त्याच धडावर टोकदार शिरस्त्राण बसवलं तर प्रशियन, फेझ टोपी बसवली तर तुर्क, फेटा बसवला तर हिंदुस्थानी. मिश्रधातू असा, की हात वाकवता येई. एकाच ओतीव धडाचे हात वेगवेगळे वाकवून, त्यात बंदूक किंवा बादली झाळून दहा निराळे शिपाई करता येत. आणि हे सगळं करून हायडेने मूर्तीवर नाव घातलं नाही. नाव असायचं खोक्याच्या चिठ्ठीवर. मुलगा खोकं उघडायचा, शिपाई काढायचा. आई कधीतरी खोकं फेकायची. फेब्रुवारी १९४५मध्ये दोस्तांच्या विमानांनी ड्रेसडेन जाळलं, त्यात कारखानाही गेला. साचे, नोंदवह्या, नमुने, सगळं.

माझ्या टेबलावर या जातीचा एक घोडेस्वार आहे. फेटेवाला, उजव्या हातात भाला, खाली तपकिरी घोडा. जुन्या बाजारात तो ‘हायडे, हिंदुस्थानी भालाईत’ अशा चिठ्ठीसकट मिळतो तसाच मिळाला. त्याच्याकडे जरा नीट बघू. हातात जड लागतो. पोटाखाली किंवा डोक्यावर भोक नाही. पोकळ ओतलेल्या इंग्रजी घोडेस्वारात आतला पातळ धातू बाहेर यायला बहुधा कुठेतरी भोक असतं, म्हणजे हा भरीव. भाल्याच्या मुठीशी झाळल्याचा गुठळीसारखा ठिपका आहे. हनुवटीखाली, दाढीच्या रंगाने जवळजवळ झाकलेली, एक बारीक गोल रेघ. डोकं खोचलेलं आहे. चेहऱ्याचा रंग काढून टाकला तर खाली कुणीतरी सॅक्सनीचा माणूस आहे: सरळ नाक, युरोपी गाल, वर तपकिरी हात फिरवलेला. फेटाही बांधणाऱ्याकडे बघून घडवलेला नाही, चित्रातला बघून घडवला आहे. कोटावर छातीपाशी आडव्या दोऱ्यांचे उंचवटे आहेत, युरोपातल्या हुसार घोडदळाच्या कोटावर असतात तसे, आणि ते लाल रंगाखाली दडवलेत. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं. वडाची साल पिंपळाला. कोपराजवळ रंग उडालाय तिथे लालच्या खाली गडद निळा दिसतो. हा कारखान्यातच बदललेला बेत की नंतर कुण्या घरी दिलेला रंग, हे अतिनील दिव्याखाली कळायला मदत होते. वेगवेगळ्या काळातले रंग त्या उजेडात वेगवेगळे दिसतात आणि नंतरची डागडुजी ठिगळासारखी उठून येते.

आता, यातली कुठली खूण हायडेची? सगळ्याच. आणि एकही नाही. खोचलेलं डोकं, वाकवलेला हात, झाळलेलं हत्यार ही पद्धत न्युर्नबर्गच्या श्पेनकुखची, ‘नोरिस’ नावाने विकणाऱ्यांची, फ्युर्थच्या हाइनरिखची आणि गोथाच्या क्राउझेचीही होती. कामगार इकडून तिकडे जात, चाललेल्या मालाची नक्कल सर्रास होई. हायडेचा माल सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लांब गेला, म्हणून त्याचं नाव शिल्लक राहिलं. मग नाव नसलेला प्रत्येक भरीव जर्मन शिपाई त्याच्या पदरात पडू लागला. बाजारातला हायडे आता कारखान्याहून मोठा झाला आहे. माझा घोडेस्वार त्याचा असेलही. पण त्या चिठ्ठीला खोक्याचा, छापील यादीतल्या चित्राचा किंवा नक्की हायडेच्याच असलेल्या जोडीदाराचा आधार नाही, आणि आधार नसेल तर मी त्याला हायडे म्हणणार नाही.

बैठकीखाली नाव आलं ते कारागिराच्या अभिमानापोटी नव्हे, कायदा आणि कज्ज्यांपायी. हे एकदा लक्षात आलं की तारखा लावणं सोपं होतं. ब्रिटनने १८८७ साली परदेशी मालावरच्या फसव्या खुणांविरुद्ध कायदा केला. जर्मन माल इंग्रजी म्हणून खपू नये हा हेतू. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत मागितलं. तेव्हा बैठकीखाली नुसतं ‘जर्मनी’ असं इंग्रजी अक्षरांत असेल तर माल निर्यातीचा आणि बहुधा १८९१ नंतरचा. ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरं म्हणजे जर्मन साम्राज्यात नोंदवलेली रचना. ती सोयही १८९१चीच. ‘अमेरिकी विभाग, जर्मनी’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली काही वर्षं. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचा. कारखाना नाही समजला तरी दशक समजतं, आणि दशक समजणं ही लहान गोष्ट नाही.

हे झालं कायद्याचं. कज्ज्यांचं असं: लंडनच्या विल्यम ब्रिटनने १८९३ साली पोकळ शिपाई काढले. साच्यात धातू ओतायचा, कडेला थिजला की मधला ओतून परत काढायचा. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. जर्मनांच्या पोटावर पाय आला तो इथे. हिंदुस्थानी पलटणींचे खोकेही ब्रिटनने काढले. ‘सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’चा संच क्रमांक ६८. या मुंबई पलटणीच्या शिपायाची ओळख पटवायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण नक्कल करणारे इतके माजले की १९००पासून ब्रिटनने मूर्तीखाली हक्काची चिठ्ठी चिकटवायला आणि पुढे अक्षरंच ओतायला सुरुवात केली. विल्यम ब्रिटनची मूर्ती आणि जर्मन मूर्ती यांच्यातला हा फरक चोरांनी घडवून आणला.

जर्मनीत नावाची चढाओढ आली ती लगद्याच्या शिपायांबरोबर. लाकडाचा भुसा, सरस आणि पांढऱ्या मातीची पूड कालवून केलेला लगदा, तारेच्या सांगाड्याभोवती दोन अंगांच्या साच्यात दाबायचा, भट्टीत वाळवायचा, हाताने रंगवायचा. व्हिएन्नाच्या फायफरने ही वाट आधी धरली. ओटो आणि माक्स हाउसर या भावांनी लुडविग्सबुर्गला १९०४ साली कारखाना काढला, पुढे फायफरचा धंदा घेतला, आणि ‘एलास्टोलिन’ हे नाव इतकं रुजवलं की कुठल्याही लगद्याच्या शिपायाला लोक एलास्टोलिन म्हणू लागले. प्रतिस्पर्धी ब्रांडेनबुर्गचा ओस्कार वीडरहोल्त्स. त्याचा ‘लिनेओल’, खूण तीन हंसांची. लिनेओलसाठी आल्बर्ट काझमानसारखा शिल्पकार काम करत होता, जो रोझेनथालच्या चिनीमातीसाठीही मूर्ती घडवायचा. माझ्या मते लिनेओलचे शिपाई उजवे. त्यांच्या अंगावरचा कपडा माणसाने घातल्यासारखा पडतो.

या दोघांच्या सावलीत छोट्या कारखान्यांचा घोळका होता: लायला, डुशा, ट्रिओला, लिसांतो, किनेल. कुणी नाव घातलं, कुणी नुसतं ‘जर्मनी’, कुणी तेही नाही. इथे पहिली चाचणी लोहचुंबकाची. पायाशी नेला की आतली तार त्याला ओढते. शिसं आणि कथिल ढिम्म. दुसरी चाचणी भेगांची. दमट हवेत तार गंजते, फुगते आणि लगदा आतून फोडते. भेग कुठून कुठे गेली यावरून सांगाडा कसा वाकवला होता ते समजतं, आणि सांगाडा वाकवायची रीत कारखान्यागणिक वेगळी. कोकणात किंवा मुंबईत हे शिपाई जमवणाऱ्याने पावसाळ्याचा आधी विचार करावा. (शिशाच्या शिपायांना वेगळा रोग: ओकच्या कपाटातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. सुंदर जुनं लाकडी कपाट हा त्यांचा शत्रू.)

आणि नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असंही नाही. शिपायांच्या जोडीला पत्र्याच्या मोटारी आणि तोफगाड्या लागत. न्युर्नबर्गच्या टिप अँड कंपनीच्या मालावर ‘टी.सी.ओ.’ अशी गुंफलेली अक्षरं असतात. कंपनीचा मालक फिलिप उलमान ज्यू होता. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर तो इंग्लंडला निघून गेला आणि तिथे त्याने ‘मेटॉय’ काढली; आपल्याकडच्या मुलांनी ज्या कॉर्गी गाड्या पळवल्या त्या पुढे याच कंपनीच्या. इकडे न्युर्नबर्गात कारखाना हिसकावला गेला, पण खूण तीच राहिली, आणि त्याच अक्षरांखाली हिटलरची मर्सिडीज विकली गेली. युद्धानंतर उलमानला कारखाना परत मिळाला. खूण तरीही तीच. ‘टी.सी.ओ.’ दिसलं की समाधानाने भिंग खाली ठेवणाऱ्याने ती गाडी १९३२ची की १९३८ची हे आधी ठरवावं. अशा वस्तू जर्मनीत विकताना नाझी चिन्हांवर चिकटपट्टी लावतात, कारण ती उघडी दाखवणं तिथल्या फौजदारी कायद्यात बसत नाही. संग्राहकांच्या बैठकीत या काळाबद्दल एक सोयीस्कर निरागसपणा असतो. बटणं किती यावर तासभर वाद चालतो. खोकं कुणाच्या हातून गेलं यावर नाही.

युद्ध चालू असतानाच, १९४३च्या सुमारास, खेळण्यांचं उत्पादन बंद पडलं होतं. नंतर विजेत्यांनी लष्करी खेळण्यांना मनाई केली. हाउसरने प्राणी आणि शेतकरी काढले, मग काउबॉय आणि रेड इंडियन, पुढे प्लॅस्टिक; १९८३ साली दिवाळं निघालं आणि साचे प्रायझर कंपनीकडे गेले. ब्रांडेनबुर्ग सोव्हिएत विभागात आलं. लिनेओल सरकारी झाली आणि नाव ड्रेसडेनला गेलं. म्हणजे पुन्हा तेच: जुना साचा, जुनं नाव, नवे हात.

एका जातीच्या शिपायांपुढे मात्र सगळी चिकित्सा थकते. लाइपझिगच्या श्नायडर बंधूंनी घरी ओतायचे साचे विकले. मूठ लावलेला धातूचा साचा, एक पळी, शिशाचे तुकडे. मुलांनी स्वयंपाकघरात शिपाई ओतायचे आणि आपल्या हाताने रंगवायचे. लाखो घरांत असे अर्धगोल, जरा ओबडधोबड शिपाई झाले. आज पणजोबांच्या पेटीतून ते निघतात आणि वारस मोठ्या आशेने विचारतात की हे हायडेचे का. साचा श्नायडरचा, एवढं चित्र जुळवून सांगता येतं. ओतणारा त्या घरातलाच कुणी दहा वर्षांचा पोरगा.

नक्कल ओळखायला कॅलिपर पुरतो. खऱ्या शिपायाभोवती रबराचा साचा घेऊन नवा ओतला, तर थंड होताना धातू आक्रसतो आणि नवा शिपाई किंचित बुटका निघतो. बटणांच्या कडाही मऊ होतात. अस्सल जुन्या पाटीतून आज ओतलेला शिपाई मात्र उंचीला तंतोतंत असतो. तिथे रंग, मिश्रधातू आणि विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा एवढंच उरतं. लिलावाच्या याद्यांत म्हणून तीन पायऱ्या दिसतात: ‘हायडे’, ‘हायडे-धर्तीचा’ आणि ‘जर्मन, १९०० च्या सुमारास’. शिपाई तोच असला तरी प्रत्येक पायरीवर किंमत उतरते. तिसरं वर्णन लिहिणाऱ्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो, आणि मी खरेदी शक्यतो त्याच्याकडून करतो.

राहिली गोष्ट खोक्यांची. चिठ्ठीसकट मूळ खोकं हा सगळ्यात भक्कम पुरावा, त्यामुळे रिकाम्या खोक्यांनाही गिऱ्हाईक असतं, आणि रिकाम्या खोक्यात भलतेच शिपाई भरून ‘संपूर्ण संच’ म्हणून विकणारेही असतात. जुने शिपाई पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेले असत. तेव्हा आधी पुठ्ठ्यावरची भोकं बघावीत. भोकांमधलं अंतर शिपायाच्या पायांना जुळतं का, बैठकीचा ठसा पुठ्ठ्यावर उमटलाय का, ठशाचा आकार आणि बैठकीचा आकार एक आहे का. लंबगोल ठशावर चौकोनी बैठक उभी असेल तर विकणाऱ्याला काही न बोलता खोकं परत द्यावं.